मेद : कोठार की ग्रंथी? मेद-ऊतकाच्या अंतःस्रावी कार्याच्या शोधाचा इतिहास

शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासात काही इंद्रियांना प्रतिष्ठा फार लवकर लाभली, तर काहींना ती फार उशिरा मिळाली. हृदय, यकृत, मेंदू यांचे महत्त्व प्राचीनांनीही ओळखले होते. अवटु ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी व अग्निपिंड यांच्या स्रावांचे रहस्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उलगडू लागले. मेद-ऊतक मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत उपेक्षितच राहिले. शवविच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो इतर अवयव नीट दिसावेत म्हणून बाजूस सारावयाचा पदार्थ होता, आणि पाठ्यपुस्तकांच्या दृष्टीने ते जादा अन्नाचे एक निश्चल कोठार होते. हेच ऊतक रक्तात संदेशवाहक द्रव्ये सोडते, ती द्रव्ये मेंदूपर्यंत पोचतात आणि भूक, प्रजनन, चयापचय व प्रतिरक्षा यांवर परिणाम करतात, ही गोष्ट १९९४ नंतर निर्विवादपणे मान्य झाली. हा बोध इतक्या उशिरा का झाला, तो कोणत्या मार्गांनी झाला आणि झाल्यानंतर त्याचा अर्थ कसा पालटत गेला, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. कोठाराची कल्पना

मेद आणि भूक यांचा काही परस्परसंबंध आहे ही जाणीव नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 'अष्टौनिंदितीय' अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे वर्णन आले आहे. वाढलेल्या मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठात राहतो व अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून अशा पुरुषाची क्षुधा बळावते, अशी तेथील उपपत्ती आहे. आधुनिक संप्रेरकांचे ज्ञान या वर्णनात शोधू पाहणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. तथापि स्थूल मनुष्य केवळ अधिक खातो म्हणून स्थूल होतो असे न मानता, मेदाची वाढच भुकेला कारण होऊ शकते असा विचार त्या काळी सुचला होता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

युरोपीय वैद्यकात एकोणिसाव्या शतकात मेदकोशिकेचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन झाले, परंतु तिचे कार्य साठ्यापलीकडे जात असेल असे फारसे कोणास वाटले नाही. बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये सिक्रेटीनचा शोध लावला आणि स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये 'हॉर्मोन' ही संज्ञा रूढ केली. त्यानंतर अंतःस्रावी ग्रंथींचा शोध वेगाने पुढे गेला. पण ग्रंथी म्हणजे विशिष्ट जागी असलेला, निश्चित आकाराचा अवयव, अशीच सर्वांची समजूत होती. त्वचेखाली, आतड्यांभोवती, वृक्कांभोवती असा सर्वत्र विखुरलेला मेद या व्याख्येत बसणे शक्य नव्हते.

या समजुतीला पहिला तडा जीवरसायनशास्त्राने दिला. शोनहायमर व रिटेनबर्ग यांनी १९३५ मध्ये जड हायड्रोजनाने चिन्हित केलेली मेदाम्ले उंदरांना खाऊ घातली. उंदरांचे वजन घटत असतानाही अन्नातील मेदाचा मोठा भाग प्रथम मेदसाठ्यात जातो व तेथूनच पुढे वापरला जातो, असे त्यांना आढळले. म्हणजे कोठारातील माल नित्य बदलत होता. दुसरा तडा चिकित्सालयातून आला. मार्सेय येथील झां व्हाग यांनी १९४७ मध्ये असे दाखवून दिले की, स्थूलतेचे सर्व प्रकार सारखे नसतात. धडाच्या वरच्या भागात मेद साठणाऱ्या व्यक्तींना मधुमेह व रोहिणीविकार यांचा धोका अधिक असतो, तर नितंब व मांड्यांवर मेद साठणाऱ्यांना तो तितका नसतो. मेद हा केवळ साठा असेल तर तो कोठे साठला याला इतके महत्त्व का असावे, हा प्रश्न येथे उभा राहिला. परंतु त्याचे उत्तर देण्याची साधने त्या काळी उपलब्ध नव्हती.

कोठाराच्या कल्पनेला एक नैतिक बाजूही होती. कोठार आपण होऊन भरत नाही, ते कोणीतरी भरतो. त्यामुळे स्थूलता ही खादाडपणाची व आळसाची शिक्षा आहे असा निष्कर्ष सहजच निघत असे. वैद्याच्या उपदेशात आणि लोकांच्या थट्टेत हाच निष्कर्ष वेगवेगळ्या शब्दांत प्रकट होत राहिला. पुढील संशोधनाने जे पणाला लागले ते केवळ एका ऊतकाचे वर्गीकरण नव्हते. या दोषारोपाचा आधारही त्याने तपासास आणला.

२. मेंदूकडून आलेला मार्ग

मेदाकडे जाणारी वाट प्रथम मेंदूतून निघाली. बर्नार्ड मोर यांनी १८४० मध्ये मेंदूच्या तळाशी अर्बुद असलेल्या एका स्थूल रुग्णाची नोंद केली. बाबिन्स्की (१९००) व फ्रोलिक (१९०१) यांनी अशाच रुग्णांचे वर्णन केले. दोष पोष ग्रंथीत आहे की तिच्या वर असलेल्या अधोथॅलॅमस या मेंदूच्या भागात, याविषयी दीर्घकाळ वाद चालला. हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी १९४० मध्ये पोष ग्रंथीला धक्का न लावता अधोथॅलॅमसाच्या अंतर्भागात सूक्ष्म इजा केली, तेव्हा रॅट जातीचे उंदीर प्रचंड लठ्ठ झाले. आणि या वादाचा निकाल लागला.

या टप्प्यावर एका भारतीय शास्त्रज्ञाचे कार्य उल्लेखनीय आहे. बाळ कृष्ण आनंद यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्यासह केलेले प्रयोग १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. अधोथॅलॅमसाच्या पार्श्वभागाला दोन्ही बाजूंनी इजा केल्यास प्राणी अन्नाला स्पर्शही करीत नाही, समोर अन्न असूनही उपाशी मरतो, असे त्यांनी सिद्ध केले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाविज्ञान विभागाची उभारणी आनंद यांनीच केली. अशा रीतीने मेंदूत एक 'तृप्तिकेंद्र' व एक 'क्षुधाकेंद्र' आहे अशी द्विकेंद्री कल्पना प्रचलित झाली. ती आज जशीच्या तशी मान्य नाही, परंतु तिने एक अटळ प्रश्न पुढे आणला : शरीरात साठा किती आहे हे या केंद्रांना कळते कसे?

केनेडी यांनी १९५३ मध्ये यावर उत्तर सुचविले. मेदसाठ्याच्या प्रमाणात रक्तात काही द्रव्ये वावरत असावीत आणि अधोथॅलॅमस त्यांवरून साठ्याचा अंदाज घेत असावा, असे त्यांचे अनुमान होते. हर्वी यांनी १९५९ मध्ये या अनुमानाला प्रयोगाचे बळ दिले. त्यांनी दोन उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने जोडली, जेणेकरून दोघांच्या रक्ताची थोडीफार देवाणघेवाण होत राहील. त्यांपैकी एकाच्या अधोथॅलॅमसाला इजा करताच तो लठ्ठ होऊ लागला; परंतु त्याचा निरोगी जोडीदार अन्न टाळू लागला व रोडावत गेला. लठ्ठ उंदराच्या रक्तातून 'पुरे' असा काही निरोप येत होता. ज्याचा मेंदू शाबूत होता त्याने तो ऐकला. ज्याचा मेंदू जखमी होता त्याला तो ऐकू आला नाही. परंतु निरोप देणारे द्रव्य कोणते व ते कोठून निघते, हे अज्ञातच राहिले.

३. बार हार्बर येथील उंदीर

दुसरी वाट आनुवंशिकीतून आली. अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा ही उंदरांच्या जातींचे संगोपन व अभ्यास करणारी संस्था आहे. तेथील इंगल्स, डिकी व स्नेल यांनी १९५० मध्ये एका नव्या उत्परिवर्तनाची नोंद प्रसिद्ध केली. अप्रभावी रीतीने संक्रमित होणाऱ्या या दोषामुळे उंदीर अतोनात खात, हालचाल कमी करीत, प्रजननास असमर्थ ठरत आणि सामान्य उंदराच्या सुमारे तिप्पट वजनाचे होत. या जनुकाला 'ओबी' हे नाव मिळाले. हमेल, डिकी व कोलमन यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या एका उत्परिवर्तनाचे वर्णन केले. त्यातील उंदीर लठ्ठ तर होतेच, शिवाय त्यांना तीव्र मधुमेह होई. या जनुकास 'डीबी' म्हणण्यात आले.

कॅनडात जन्मलेले जीवरसायनज्ञ डग्लस कोलमन (१९३१–२०१४) यांनी या दोन जातींवर हर्वी यांचीच शरीर जोडण्याची पद्धत वापरली. १९६९ पासून १९७३ पर्यंतच्या या प्रयोगांची तर्कसंगती आजही अभ्यासण्याजोगी आहे. डीबी उंदीर सामान्य उंदराला जोडला असता सामान्य उंदराने खाणे सोडले व तो उपासमारीने मेला. डीबी मात्र लठ्ठच राहिला. ओबी उंदीर सामान्य उंदराला जोडला असता सामान्य उंदरास काही झाले नाही, उलट ओबीचे खाणे कमी झाले. शेवटी ओबी व डीबी एकमेकांस जोडले, तेव्हा ओबी उपाशी राहून मेला आणि डीबीवर परिणाम झाला नाही. या तीन फलितांतून एकच सुसंगत अर्थ निघत होता. ओबी उंदराच्या शरीरात तृप्तीचा निरोप तयारच होत नाही, पण तो बाहेरून आला तर त्याला कळतो. डीबी उंदराच्या शरीरात तो निरोप विपुल तयार होतो, पण तो घेणारी यंत्रणा नसल्यामुळे व्यर्थ जातो. म्हणजे एका जनुकात संदेश होता, तर दुसऱ्यात त्याचा ग्राही.

हा निष्कर्ष तत्काळ सर्वमान्य झाला नाही. स्थूलता हा मुख्यत्वे वर्तनाचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांना एका जनुकाची सत्ता पटणे कठीण होते. शिवाय कोलमन यांना ते द्रव्य वेगळे काढता आले नाही. त्याची मात्रा रक्तात अत्यल्प होती आणि ते कोणत्या ऊतकात शोधावे हेच माहीत नव्हते. काही काळ आतड्यातील कोलेसिस्टोकायनीन हेच ते द्रव्य असावे असा संशय होता. स्ट्राउस व यालो यांनी १९७९ मध्ये ओबी उंदरांच्या मेंदूत ते कमी असल्याचे नोंदविले. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांना मात्र तसा फरक आढळला नाही. पुढे कोलेसिस्टोकायनिनाचे जनुक उंदराच्या नवव्या गुणसूत्रावर असल्याचे दिसून आले. ओबी जनुक सहाव्या गुणसूत्रावर असल्याने हा संशय कायमचा मिटला.

४. जनुकाचा शोध

द्रव्य सापडत नसेल तर त्याचे जनुक शोधावे, ही दिशा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांनी स्वीकारली. रुडॉल्फ लायबेल यांच्या सहकार्याने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम सुरू झाले. संपूर्ण जनुकसंचाचा नकाशा त्या वेळी हाती नव्हता, त्यामुळे गुणसूत्रावरील एकेक खूण तपासत जनुकाच्या जागेभोवतीचे वर्तुळ लहान करीत जावे लागले. अखेर १ डिसेंबर १९९४ च्या 'नेचर'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. हे जनुक १६७ अॅमिनो अम्लांच्या प्रथिनाचा आदेश देत होते आणि त्यातील आरंभीचे २१ अॅमिनो अम्लांचे टोक पाहता ते कोशिकेबाहेर स्रवणारे प्रथिन असावे हे स्पष्ट होते. मानवी प्रथिनाशी त्याचे साम्य ८४ टक्के होते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे जनुक मेद-ऊतकात कार्यरत होते.

संदेश पाठविणारा अवयव मेद हाच होता. 'कृश' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या प्रथिनास 'लेप्टिन' असे नाव देण्यात आले. १९९५ च्या जुलैमध्ये 'सायन्स'मध्ये तीन स्वतंत्र गटांचे निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. लेप्टिन टोचल्यावर ओबी उंदरांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे ३० टक्के घटले. डीबी उंदरांवर त्याचा परिणाम झाला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस टार्टाग्लिया व सहकाऱ्यांनी लेप्टिनाचा ग्राही शोधला आणि १९९६ मध्ये डीबीचा दोष त्याच ग्राहीच्या जनुकात असल्याचे सिद्ध झाले. कोलमन यांनी केवळ रक्ताच्या देवाणघेवाणीवरून बांधलेले अनुमान वीस वर्षांहून अधिक काळाने अक्षरशः खरे ठरले. कोलमन व फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पारितोषिक संयुक्तपणे देण्यात आले.

५. अपेक्षाभंग आणि अर्थांतर

लेप्टिनाने स्थूलतेवर रामबाण उपाय सापडला अशी आशा निर्माण झाली. अॅमजेन या औषधनिर्मिती संस्थेने त्याच्या हक्कांसाठी आरंभीच दोन कोटी डॉलर मोजले. परंतु मानवी रक्ताच्या तपासणीने वेगळेच चित्र पुढे आले. कॉन्सिडीन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य वजनाच्या व्यक्तींच्या रक्तरसात दर मिलिलिटरमागे सरासरी ७.५ नॅनोग्रॅम लेप्टिन आढळले, तर स्थूल व्यक्तींमध्ये ते ३१.३ नॅनोग्रॅम होते. बहुसंख्य स्थूल माणसे ओबी उंदरासारखी नव्हतीच. त्यांच्यात संदेशाची उणीव नव्हती. विपुल संदेश असूनही तो परिणामकारक ठरत नव्हता. या अवस्थेला 'लेप्टिन-रोध' असे नाव पडले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिकित्सा-परीक्षणात लेप्टिन टोचलेल्या स्थूल प्रौढांपैकी काहींचे वजन उतरले, पण व्यक्तिव्यक्तींतील फरक फार मोठा होता. औषध म्हणून लेप्टिनाविषयीचा उत्साह ओसरला.

तरीही मानवी शरीरात लेप्टिनाचे काम काय, याचा निर्णायक पुरावा याच काळात मिळाला. केंब्रिज येथील स्टीफन ओराहिली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जवळच्या नात्यातील दोन मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलोग्रॅम होते आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलोग्रॅम. दोघांच्याही लेप्टिनाच्या जनुकातील एक घटक गळला होता. या मुलांची भूक कशानेही शमत नसे. त्या मुलीला लेप्टिन देण्यास सुरुवात झाली तेव्हा तिचे वजन ९४.४ किलोग्रॅम होते. बारा महिन्यांत ते १६.४ किलोग्रॅमने घटले आणि तिचे खाणे इतर मुलांप्रमाणे झाले. सादफ फारूकी व सहकाऱ्यांचा हा वृत्तांत १९९९ चा आहे. असे रुग्ण अत्यंत दुर्मिळ आहेत हे खरे, परंतु त्यांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली : ज्याला लोक हावरटपणा म्हणत होते तो एका प्रथिनाचा अभाव होता. त्या मुलीला उपदेश करून जे साधले नसते ते प्रथिन दिल्याने साधले.

लेप्टिनाच्या अर्थातही याच सुमारास मोठा पालट झाला. अहिमा, फ्लायर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उपाशी ठेवलेल्या उंदरांना लेप्टिन दिले. उपासमारीत प्रजननाची, अवटु ग्रंथीची व अधिवृक्क ग्रंथीची जी संप्रेरके बदलतात, त्यांतील बदल पुष्कळ अंशी टळला. यावरून असे प्रतिपादन पुढे आले की, लेप्टिनाचे मूळ कार्य लठ्ठपणा रोखणे हे नसून दुष्काळाची वर्दी देणे हे आहे. साठा घटला की लेप्टिन घटते. मग मेंदू भूक वाढवितो, ऊर्जेचा खर्च आवरतो आणि प्रजनन स्थगित करतो. साठा वाढल्याची सूचना मात्र तितक्या कठोरपणे पाळली जात नाही. ज्या प्राण्यांना उपासमारीचेच भय अधिक होते त्यांच्या उत्क्रांतीच्या दृष्टीने ही व्यवस्था समजण्याजोगी आहे. वजन उतरविलेल्या माणसाला ते टिकविणे इतके कठीण का जाते, याचेही काही उत्तर यात मिळते. त्याचा मेंदू घटलेल्या लेप्टिनाला संकट मानून प्रतिकार करीत असतो.

ज्यांच्या शरीरात मेद साठतच नाही अशा दुर्मिळ विकाराच्या रुग्णांमध्ये लेप्टिन अत्यल्प असते, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनाही मधुमेह व यकृतातील मेदवृद्धी हे स्थूलतेचेच विकार जडतात. अशा रुग्णांना लेप्टिन उपकारक ठरल्याचे २००२ मध्ये दिसून आले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेत त्यास औषध म्हणून मान्यता मिळाली. स्थूलतेसाठी शोधलेले द्रव्य अखेर मेद नसलेल्यांच्या कामी आले.

६. इतर संदेशवाहक

लेप्टिन हे मेदाचे एकमेव द्रव्य नव्हते, पहिलेही नव्हते. मेदकोशिका 'अॅडिप्सिन' नावाचे प्रथिन रक्तात सोडतात हे स्पीगलमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच दाखविले होते. होतामिस्लिगिल, शारगिल व स्पीगलमन यांनी १९९३ मध्ये असे सिद्ध केले की, लठ्ठ उंदरांच्या मेद-ऊतकात दाह उत्पन्न करणारे टीएनएफ-आल्फा हे प्रथिन वाढलेले असते व ते इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा आणते. मानवात या प्रथिनास प्रतिबंध करून इन्शुलिनाचे कार्य सुधारण्याचा आरंभीचा प्रयत्न सफल झाला नाही. परंतु स्थूलता व दाह यांचा संबंध प्रस्थापित झाला. लठ्ठ प्राण्यांच्या मेद-ऊतकात प्रतिरक्षेच्या महाभक्षी कोशिका मोठ्या संख्येने शिरलेल्या असतात, हे २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले.

अॅडिपोनेक्टिनाचा शोध १९९५–९६ मध्ये अमेरिका व जपान येथील चार गटांनी स्वतंत्रपणे लावला व प्रत्येकाने त्यास निराळे नाव दिले. हे प्रथिन रक्तात लेप्टिनाच्या तुलनेने हजारो पटींनी अधिक असते. ओसाका येथील संशोधकांनी १९९९ मध्ये एक विरोधाभास निदर्शनास आणला : मेद वाढला की मेदाचेच हे द्रव्य कमी होते. ते इन्शुलिनाच्या कार्यास साहाय्यभूत असल्याने त्याची घट मधुमेहाला पोषक ठरते असे दिसते.

सर्वच शोध टिकले नाहीत. २००१ मधील 'रेझिस्टिन' उंदरांत मेदकोशिकांतून स्रवते, पण मानवात ते मुख्यतः महाभक्षी कोशिकांतून येते. त्यामुळे उंदरांवरील निष्कर्ष माणसाला तसाच लावता आला नाही. २००५ मध्ये 'व्हिस्फॅटिन' हे इन्शुलिनासारखे कार्य करणारे द्रव्य म्हणून गाजले. २००७ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. नव्या क्षेत्रात घाई कशी होते आणि ती कशी सुधारली जाते, याची ही उदाहरणे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहेत.

७. पुण्याचे निरीक्षण

महाराष्ट्रातील एक संशोधन या इतिहासाला थेट येऊन मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील मातांचा व अर्भकांचा अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार तेथील पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलोग्रॅम होते. परंतु पुण्याच्या बालकांत उणीव होती ती स्नायूंची व पोटातील इंद्रियांची. त्वचेखालील मेद त्या मानाने राखला गेला होता. लंडनमधील अर्भकांशी केलेल्या तुलनेत नाळेतील रक्तात लेप्टिनही वजनाच्या मानाने अधिक आढळले. 'कृश तरी मेदयुक्त' अशा या बालकाच्या वर्णनाने एक रूढ समजूत ढळली. तराजू ज्याला कृश ठरवितो तो मेदाच्या दृष्टीने कृश असतोच असे नाही.

याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. व्हाग यांनी १९४७ मध्ये 'मेद कोठे?' हा प्रश्न विचारला होता. पुण्याच्या संशोधनाने 'मेद किती, आणि कोणाच्या शरीरात?' हा प्रश्न त्यास जोडला. भारतात तुलनेने कमी वजनाच्या व्यक्तींनाही मधुमेह का होतो, हे समजून घेण्यास या दृष्टीचा मोठा उपयोग झाला आहे.

समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, मेदाचे खरे स्वरूप मेदाकडे पाहून कळले नाही. मेंदूचे विकार, उंदरांचे वंश आणि जनुकांचे नकाशे अशा तीन दूरच्या वाटा एकत्र आल्या तेव्हा ते कळले. दुसरी अशी की, केनेडी यांचे अनुमान व हर्वी आणि कोलमन यांचे प्रयोग द्रव्य हाती नसतानाही बरोबर होते. द्रव्य नंतर सापडले. तिसरी अशी की, शोध लागला म्हणजे उपाय सापडला असे होत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत स्थूलतेवर मान्य झालेले सेमॅग्लुटाइड हे प्रभावी औषध मेदाच्या संप्रेरकावर आधारलेले नसून आतड्यातील संप्रेरकाचे अनुकरण करणारे आहे.

तथापि मेद-ऊतकाच्या शोधाचे फळ केवळ औषधाच्या मापाने मोजता येणार नाही. भूक ही सर्वस्वी इच्छेच्या स्वाधीन असते या समजुतीचा पाया त्याने ढासळविला. आहार, परिस्थिती व सवयी यांचे महत्त्व त्यामुळे नाहीसे होत नाही. परंतु स्थूल मनुष्याला अपराधी ठरविण्यापूर्वी त्याच्या शरीरातील संदेशांचा विचार करणे वैद्यकाला आता टाळता येणार नाही.